रेल्वेने विकलेले डोंगर

कॅनडातल्या रॉकी पर्वताचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिरवट-निळं तळं, मागे हिमनदी आणि काठावर किल्ल्यासारखं हॉटेल येतं. तळ्याचा तो रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे आला. हॉटेल मात्र रेल्वे कंपनीने आणलं, आणि त्या देखाव्याची ओढही बरीचशी तिनेच लावली.

पश्चिम किनाऱ्यावरचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत १८७१ मध्ये कॅनडात सामील झाला, तो पूर्वेकडून रेल्वे आणून देण्याच्या वचनावर. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाकी इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. रूळ समुद्राकडे निघाले खरे, पण मधल्या डोंगरांत ना माल होता ना उतारू. किकिंग हॉर्स खिंडीत दर बावीस फुटांना एक फूट असा उतार. तिथे गाडीला जोडलेले जेवणघराचे जड डबे ओढून नेणं परवडेना, म्हणून कंपनीने वाटेतच जेवणघरं बांधली. त्यांचीच पुढे हॉटेलं झाली. देखावा निर्यात करता येत नाही, तर पर्यटकच आयात करू, असं कंपनीचे विल्यम व्हॅन हॉर्न म्हणाल्याचं सांगतात. १८८८ मध्ये बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल उघडलं.

बॅन्फचं राष्ट्रीय उद्यानही या रुळांच्या कडेलाच जन्मलं. १८८३ मध्ये रेल्वेच्या तिघा कामगारांना गरम पाण्याचे झरे दिसले, मालकीवरून वाद झाले आणि १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली. जंगल वाचवण्यापेक्षा आरोग्यस्नानाच्या उत्पन्नावर तेव्हा अधिक डोळा होता. उद्यानाच्या हद्दीत बँकहेडला १९०३ ते १९२२ कोळशाची खाण चालली, तीही रेल्वे कंपनीचीच! खाणबंदीचा कायदा आला १९३० मध्ये.

'दिसले' हा शब्द अर्थात कामगारांच्या बाजूचा. तिथल्या मूळ रहिवासी स्टोनी नाकोडा लोकांना ते झरे आधीपासून ठाऊक होते. लेक लुईझचंही तसंच. १८८२ मध्ये रेल्वेच्या कामावरच्या टॉम विल्सनला त्या तळ्यापर्यंत नेलं ते स्टोनी वाटाड्याने. त्याच्या भाषेत ते लहान माशांचं तळं. पुढे त्याला व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचं, लुईझचं नाव मिळालं. अल्बर्टा प्रांताचं नावही तिच्याच नावातून आलेलं. इकडे उद्यानात शिकारबंदी आली आणि स्टोनींची पिढीजात शिकारीची जागा त्यांना बंद झाली. मात्र पाहुण्यांसमोर पिसांच्या शिरोभूषणात मिरवण्यासाठी 'बॅन्फ इंडियन डेज' या मूळ रहिवाशांच्या नावाने भरणाऱ्या उत्सवाला त्यांना अगत्याने बोलावलं जाई. पाहुण्यांना डोंगर हवे होते, आणि डोंगरातली माणसं हवी होती ती पोशाखापुरती.

हाच न्याय गोऱ्यांनाही लागला. १८९६ मध्ये अमेरिकी गिर्यारोहक फिलिप ॲबट माउंट लेफ्रॉयवरून पडून मेला. अशा अपघातांची धास्ती नको म्हणून १८९९ मध्ये कंपनीने स्वित्झर्लंडहून एडवर्ड फॉइट्स आणि क्रिस्टियान हेस्लर हे वाटाडे आणले. रॉकीजची 'कॅनडातलं आल्प्स' ही जाहिरात त्यामुळे आणखी शोभली. गोल्डन गावाजवळ वाटाड्यांच्या कुटुंबांसाठी कंपनीने एडेलवाइस नावाची वस्ती उभारली. नक्षीदार स्विस घरांना जागा निवडली ती उतारावरची, गाडीच्या खिडकीतून नीट दिसेल अशी.