व्हेरिएबलला नावाने गाठण्याची सोय: कुठून आली, का मागे पडली

इंदूरच्या भंवरकुआं भागात शिकवताना नव्या बॅचमधून एक प्रश्न हमखास येतो: "सर, गुण१, गुण२ असे पाच व्हेरिएबल केलेत. लूपमध्ये 'गुण'ला आकडा जोडून त्या त्या व्हेरिएबलपर्यंत पोचता येईल का?" उत्तरादाखल आम्ही लिस्ट (क्रमाने ठेवलेल्या किमती) किंवा डिक्शनरी (नावासमोर ठेवलेल्या किमती) दाखवतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रश्न वेडगळ नाही. एके काळी चांगल्या नावाजलेल्या भाषांनी या कामासाठी खास चिन्ह राखून ठेवलं होतं.

नावाने व्हेरिएबल गाठण्यातल्या अडचणीचं मूळ कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनात आहे. १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोरट्रान ही भाषा आली. तिच्यात व्हेरिएबलचं नाव माणसाच्या सोयीपुरतं. एकदा कंपाइल झालं की मेमरीतला पत्ता उरतो, नाव गळून पडतं. चालत्या प्रोग्रामला मग नाव सांगून उपयोग नाही. जॉन मॅकार्थींच्या लिस्प भाषेत मात्र नाव हा सिंबॉल असतो आणि तो इतर डेटासारखाच यंत्रात हजर राहतो. १९६०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये घडलेल्या स्नोबॉल भाषेने त्यासाठी $ हे चिन्हच दिलं: आतला मजकूर वाचायचा आणि त्या नावाचं व्हेरिएबल उचलायचं.

आपल्याकडच्या कितीतरी प्रोग्रामरना ही युक्ती भेटली ती डीबेस आणि फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषांमध्ये. तिथलं चिन्ह &. डीबेस थ्री प्लसमध्ये ॲरेच (एका नावाखाली क्रमांकाने ठेवलेल्या किमती) नव्हता, म्हणून & वाचून गत्यंतर नसे. कापडाच्या पेढीचा हिशेब घ्या. फाइलीत एप्रिल ते मार्च अशी बारा फील्डं. महिन्याचं नाव 'म' नावाच्या व्हेरिएबलमध्ये घेतलं, की 'रिप्लेस &म विथ रक्कम' ही एक ओळ बाराही महिन्यांचं काम करते; नाहीतर केसच्या बारा फांद्या लिहा. मला आजही ती ओळ देखणी वाटते. मात्र नावात एक अक्षर चुकलं तर ते लिहिताना कळत नसे. चालू कामात, मुनीमजी समोर बसलेले असताना, पडद्यावर 'व्हेरिएबल नॉट फाउंड' उमटे.

खरा धोका वेबवर दिसला. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेत $$ लिहून नावाने व्हेरिएबल गाठता येतं, पण त्याहून घातक होती 'रजिस्टर ग्लोबल्स' ही सेटिंग. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याच्या नावाचं व्हेरिएबल आपोआप तयार होई. पासवर्ड बरोबर असेल तरच 'ॲडमिन'मध्ये १ भरायचा, एवढंच प्रोग्रामरने लिहिलं आणि आधी शून्य भरायचं राहिलं, तर कुणीही वेबपत्त्याच्या शेवटी 'ॲडमिन=१' जोडून आत शिरे. नाव कोण ठरवतंय, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत ही सेटिंग डीफॉल्ट बंद ठेवण्यात आली (मुद्दाम चालू करता येई) आणि २०१२ मध्ये ५.४ मधून ती काढूनच टाकली. पर्ल भाषेने त्याआधीच 'यूज स्ट्रिक्ट' या कडक शिस्तीखाली नावाने व्हेरिएबल गाठायला मज्जाव केला होता.

दरम्यान गरजच आटली होती. १९७७च्या ऑक भाषेत असोसिएटिव्ह ॲरे, म्हणजे आकड्याऐवजी नावाने गाठायचे ॲरे होते. पुढे पर्ल आणि पायथनने तीच सोय रोजच्या वापरात आणली. आता नाव ही किल्ली, किंमत तिच्यासमोर, आणि प्रोग्रामची स्वतःची व्हेरिएबल्स बाजूला सुरक्षित. गंमत अशी की पायथनची ग्लोबल व्हेरिएबल्ससुद्धा आत एका डिक्शनरीतच राहतात. 'ग्लोबल्स' फंक्शन तीच हातात देतं. विद्यार्थ्यांना मी ती उघडून दाखवतो, पण तिच्यात लिहू देत नाही.

जुनी पद्धत आज सर्वांत जास्त जिवंत आहे ती एक्सेलच्या 'इंडायरेक्ट' फंक्शनमध्ये. सेलमध्ये 'एप्रिल' लिहिलं की फॉर्म्युला त्या नावाच्या शीटवरची रक्कम आणतो. सीएंच्या ऑफिसात याने तासन्‌तास वाचतात. शीटचं नाव कुणी बदललं तर साधे फॉर्म्युले आपणहून सुधारतात. इंडायरेक्टजवळचं नाव मात्र निव्वळ मजकूर असतं, म्हणून तो जुनंच नाव शोधत राहतो आणि सेलमध्ये चूक दाखवतो.