ज्येष्ठांचे सामुदायिक पोषण-शिक्षण (ग्रामीण विदर्भ)

साठीपुढच्या गावकऱ्यांना रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात यांसारखे दीर्घकालीन आजार टाळता यावेत किंवा आटोक्यात ठेवता यावेत म्हणून गावातच, चारचौघांत दिले जाणारे आहारविषयक शिक्षण. वृद्धांची आरोग्यसेवा आणि असंसर्गजन्य आजार या विषयांवरचे दोन राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाले. त्यांचा याला आधार आहे. प्रत्यक्ष काम आशाताई, आरोग्यसेविका आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी करतात.

हे आजार शहरी सुखवस्तूंचे, हा समज विदर्भात टिकत नाही. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले; साधारण सात मृत्यूंमागे एक. पक्षाघातामागे बहुतेकदा वाढलेला रक्तदाब असतो आणि रक्तदाबामागे बऱ्याच अंशी मीठ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. ग्रॅमची भाषा ओसरीवर चालत नाही. तिथे ‘मिठाचा पुडा किती दिवस पुरते?’ हा प्रश्न कामाचा. पाच माणसांच्या घराला महिन्याकाठी पाऊण किलोही जास्तच, आणि त्यात लोणचे, पापड, सांडगे यांतले मीठही धरायचे. किलोचा पुडा वीस दिवसांत संपत असेल तर पुढे व्याख्यानाची गरज उरत नाही.

मात्र ऐकायला बसतो आजा आणि मीठ टाकते सून. तिने हात आखडला की ‘आळनी जेवन गळ्याखाली उतरत नाई’ म्हणत तो ताटात वरून मीठ घेतो. म्हणून केवळ ज्येष्ठांची बैठक घेणे हा अर्धा कार्यक्रम होय. चुलीपाशी असणारी बाई आणि बाजार करणारा मुलगा त्याच सतरंजीवर हवेत. भजन किंवा सामुदायिक प्रार्थनेनंतरची वेळ यासाठी सोयीची, कारण दिवसा सारे वावरात असतात.

सल्ला प्रदेशानुसार बदलतो. वऱ्हाडात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हा जुना आहार. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत तिन्ही त्रिकाळ भात. सोयाबीन वाढले तशी ज्वारीची पेर आटली आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळू लागले. निराधाराच्या पगारावर, म्हणजे सरकारी निराधार योजनेच्या मासिक मदतीवर, जगणाऱ्या म्हातारीला ‘भाकर खात जा’ सांगणे सोपे. ज्वारी तिला विकत घ्यावी लागते. तिथे भाताचा वाटा थोडा कमी करून घट्ट वरण आणि परसातल्या मुंगण्याचा (शेवग्याचा) पाला वाढवणे अधिक व्यवहार्य. दात पडलेल्यांना ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेली भाकर, उकडलेले अंडे चालते. रश्श्यावर भागवणाऱ्या वृद्धांत प्रथिने कमी पडतात आणि स्नायू झिजतात. नुसते ‘हे खाऊ नका’ सांगितल्याने ही झीज वाढूही शकते.

उपवासाचा विषय बहुधा राहूनच जातो. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन दिवसभर काहीच न खाल्ल्यास साखर धोकादायक खाली जाते; उलट साबुदाण्याची उसळ आणि आलू खाल्ले की ती झपाट्याने चढते. एकादशी सोडा म्हटले तर कोणी ऐकत नाही. त्यामुळे उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारावे आणि फराळात भगर, शेंगदाणे, ताक ठेवावे, असे सांगितले जाते; पण ताकात मीठ न घालता.