फाइल जागेवर आहे, पण सूचीत नाही

विंडोजच्या शोधचौकटीत एखादा शब्द टाइप केला, की संगणक त्या क्षणी साऱ्या फाइली उघडून वाचत नाही. ग्रंथाच्या शेवटी असते तशी एक शब्दसूची त्याने आधीच करून ठेवलेली असते आणि शोध घेतला जातो तो तिच्यातच. ‘डब्ल्यूसर्च’ ही पार्श्वभूमीवर चालणारी सेवा ही सूची राखते. एनटीएफएस ही फाइलव्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइली साठवण्याची विंडोजची पद्धत, बदलांची जी रोजनिशी ठेवते, तिच्यावरून कोणती फाइल नव्याने वाचायची हे या सेवेला कळते. त्यामुळे फाइल डोळ्यांसमोर असूनही शोधात सापडत नसेल, तर डिस्कवर संशय घेण्याआधी सूचीच्या सेटिंग्ज तपासलेल्या बऱ्या.

सूचीच्या सेटिंग्जच्या, म्हणजे ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’च्या खिडकीत निवडलेल्या फोल्डरांची यादी दिसते, पण एखादे फोल्डर त्या यादीत का नाही, याचे उत्तर तिथे मिळत नाही. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञाभाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट ते मिळवू शकते. सेवा चालू आहे की नाही, हे ‘गेट-सर्व्हिस’ या एका आज्ञेने कळते. त्यापुढचा प्रश्न व्याप्तीचा, म्हणजे कोणती फोल्डरे सूचीत घ्यायची याचा. सूचीच्या व्याप्तीचे नियम सांभाळणाऱ्या घटकाला ‘क्रॉल स्कोप मॅनेजर’ म्हणतात. स्क्रिप्टने त्याला फोल्डरचा पत्ता दिला, की ते व्याप्तीत आहे किंवा नाही एवढेच नव्हे, तर तो निर्णय मूळ नियमाचा, वापरकर्त्याचा की संस्थेच्या ग्रुप पॉलिसीचा (सर्व संगणकांना एकत्र लावलेल्या धोरणाचा), हेही तो सांगतो. माझ्या मते साऱ्या तपासणीत सर्वांत मोलाची माहिती हीच, कारण बंधन कार्यालयाच्या धोरणाने घातलेले असेल, तर आपल्या सेटिंग्जमध्ये कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ जाते.

व्याप्तीत असलेल्या फाइलीचाही मजकूर सूचीबाहेर राहू शकतो. प्रत्येक फाइलीला काही गुणधर्म चिकटलेले असतात आणि ते एकाच संख्येत बेरजेने साठवले जातात: लपवलेल्या फाइलीचे २, ‘आर्काइव्ह’ (बॅकअपसाठीच्या) खुणेचे ३२ आणि ‘मजकूर सूचीत घेऊ नये’ या खुणेचे ८१९२. हे सारे आकडे दोनाचे घात असल्यामुळे बेरीज कितीही झाली तरी तिच्यातील घटक निःसंदिग्धपणे वेगळे काढता येतात. स्क्रिप्टने ८२२४ हा आकडा दाखवला, तर तो ८१९२ आणि ३२ यांची बेरीज आहे. म्हणजे ती फाइल नावाने सापडेल, आतल्या शब्दाने नाही. ही खूण फोल्डरवर असली, तर त्यात नव्याने तयार होणाऱ्या फाइलींनाही ती वारशाने मिळते, म्हणून स्क्रिप्टने फाइलीबरोबर तिचे फोल्डरही तपासावे. अशी स्क्रिप्ट केवळ वाचणारी असावी. खूण काढण्याचे काम वेगळे ठेवावे.

मराठी वापरकर्त्याची एक अडचण मात्र या तपासणीत उघड होत नाही. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीपूर्वीच्या काळातील फाँटांमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, परंतु फाइलीत साठलेले असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक. सेवा चालू, फोल्डर व्याप्तीत, गुणधर्म निर्दोष, असा निर्वाळा स्क्रिप्ट देते. आणि तरीही अशा जुन्या फाइलीतला ‘महाराष्ट्र’ हा शब्द युनिकोडमध्ये टाइप करून शोधला तर सापडत नाही, कारण सूचीत त्या जागी भलतीच अक्षरे नोंदलेली असतात.