रेझिनचा कच्चा माल: स्वस्ताईचा जुना हिशेब

सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअरचे कारखाने वाढले, तशी नाशिकमध्ये मोल्डिंग पावडर, इन्सुलेटिंग वार्निश, इपॉक्सी यांची मागणीही वाढली. या सगळ्यांच्या मुळाशी रेझिन, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणारा राळेसारखा कृत्रिम पदार्थ. त्याचा कच्चा माल परवडेल कसा, ही चिंता मात्र नाशिकच्या एमआयडीसीहून बरीच जुनी आहे.

लिओ बेकलंडने 1907 मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बॅकेलाइट हे रेझिन बनवलं, तेव्हा फिनॉल प्रामुख्याने कोळशाच्या डांबरातून मिळे. डांबर हा कोक भट्ट्यांचा जोडमाल, म्हणून स्वस्त. पण भट्ट्या चालतील तेवढंच. दुसऱ्या महायुद्धानंतर क्युमिन या रसायनामार्गे फिनॉल बनवायची पद्धत रुळली आणि फिनॉल पेट्रोलियमच्या बेंझिन-प्रोपिलीनवर गेलं. या पद्धतीत टनभर फिनॉलमागे सुमारे 0.6 टन अ‍ॅसिटोन निघतं. अ‍ॅसिटोनला गिऱ्हाईक नसेल तर तो तोटा फिनॉलमधून भरून काढावा लागतो. रेझिनवाल्याचा अ‍ॅसिटोनशी काही संबंध नसतो, तरी भाव त्याच्यावरही ठरतो.

फॉर्मल्डिहाइड मेथनॉलपासून होतं. मेथनॉल पूर्वी लाकूड तापवून काढत. 1923 मध्ये जर्मनीत बीएएसएफ या रसायन कंपनीने ते वायूंपासून मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं. आज भारत गरजेचं बहुतेक मेथनॉल आयात करतो, तेही मुख्यतः आखातातून. खरी गंमत पुढे आहे. बाजारातलं नेहमीचं फॉर्मलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, 37 टक्क्यांचं. उरलेलं बहुतांश पाणी. मुंबईकडून टँकर मागवला, तर कसारा घाट चढवून आपण मुख्यतः पाणीच आणतो. वर रिअॅक्टरमध्ये ते उडवायला वाफ खर्च होते आणि निघालेल्या फिनॉलयुक्त सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते, ती वेगळी. म्हणून कोटेशनमधला किलोचा भाव पाहून फॉर्मलिन घेणं मला भाबडेपणा वाटतो. पॅराफॉर्मल्डिहाइड, म्हणजे त्याचंच घन रूप, महाग दिसतं, पण त्यात फॉर्मल्डिहाइड नव्वद टक्क्यांच्या वर असतं. तुलना शुद्ध मालावर आणि कारखान्यात पोचल्यावरच्या भावात करायची.

कोकणातल्या काजूच्या टरफलाचं तेल हा फिनॉलला जुना देशी जोड. ब्रेक लायनिंगच्या रेझिनमध्ये ते मुरलेलं आहे. रंग गडद येतो, त्यामुळे फिकट मालाला चालत नाही.

प्लायवूडच्या युरिया रेझिनमध्ये वेगळाच मोह होता: शेतीचा अनुदानित युरिया. तो कारखान्यात वळवणं बेकायदा, तरी चाले. 2015 मध्ये देशी युरियाला पूर्णपणे कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामागे ही पळवाट बंद करणं हाही एक हेतू होता. कारखान्याने टेक्निकल ग्रेडचा, विनाअनुदान युरियाच घ्यायचा असतो.