सोडतीत लागलेलं सुट्टीतलं काम

गरीब वस्तीतल्या मुलांना सुट्टीत काम दिलं आणि पुढे ती मार्गाला लागली, तर श्रेय कशाचं? कामाचं, की मुलांचंच? आपणहून काम मागायला येणारी पोरं मुळातच धडपडी असतील, तर ती कामाशिवायही सावरली असती. अशा योजनांच्या यशकथांवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न इथेच अडतो.

2012 च्या उन्हाळ्यात शिकागोमध्ये तो सोडवला सोडतीने. हिंसाचाराने पोखरलेल्या भागांतल्या 13 शाळांमधून 1,634 मुलामुलींनी अर्ज केले. जागा तेवढ्या नव्हत्या. सोडतीत 730 जणांना काम देऊ केलं गेलं, उरलेल्या 904 जणांना नाही. वय, घरची गरिबी, शाळेतली हजेरी, पोलिसांतली नोंद, सगळं दोन्ही गटांत सारखंच वाटलं गेलं. नव्या औषधाची चाचणी घेतात ती याच रीतीने.

काम साधंच होतं. लहान मुलांच्या उन्हाळी शिबिरात मदतनीस, वस्तीच्या बागेत माळीकाम, नगरसेवकाच्या कार्यालयात कागदपत्रं लावणं. आठ आठवडे, आठवड्याला 25 तास, तासाला 8.25 डॉलर, म्हणजे तिथलं तेव्हाचं किमान वेतन. मुलांच्या पाठीशी एक मोठं माणूस असे. साहेब रागावला तर काय करायचं, बस चुकली तर कुणाला कळवायचं, हे ते समजावून सांगे. निम्म्या मुलांचे आठवड्यातले 10 तास राग आवरणं, भावना ओळखणं अशा वर्गांसाठी ठेवले होते. त्या तासांचेही पैसे मिळत.

संशोधक सारा हेलर यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष 2014 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. सोळा महिन्यांत पहिल्या गटात हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका 43 टक्क्यांनी कमी होत्या. दर शंभर मुलांमागे जवळपास चार अटका वाचल्या. नाव निघूनही कामावर न गेलेली मुलं याच गटात मोजली होती, तरीही एवढा फरक दिसला.

त्याहून बोलका आहे तो या फरकाचा काळ. मुलं कामात अडकलेली होती, रस्त्यावर नव्हती, म्हणून भांडणं टळली असं म्हणावं, तर फरक उन्हाळ्यातच दिसायला हवा होता. पण बहुतेक घट काम संपल्यानंतरच्या महिन्यांतली आहे. चोरी किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत ठळक फरक पडला नाही. म्हणजे हातात आलेल्या पैशाने हे घडवलं, असंही म्हणता येत नाही. मारामारी दोन माणसांमध्ये होते. कुणी टोचून बोललं तर क्षणभर थांबायचं, हे मुलं शिकली असावीत, असं मला यातून दिसतं. आणि वेगळे वर्ग असोत वा नसोत, दोन्ही प्रकारच्या मुलांत परिणाम जवळपास सारखाच होता. बागेत, शिबिरात रोज माणसांशी जुळवून घेण्याची सवय कामातूनच लागली असेल, हे मला पटतं.

पुढे पक्की नोकरी मिळाली का? सरासरी पाहिली तर नाही. न्यूयॉर्कमधल्या अशाच योजनेच्या 2005 ते 2008 च्या सोडतींचाही अभ्यास झाला. तिथेही नंतरच्या वर्षांत कमाई वाढली नाही. मात्र काम मिळालेल्यांपैकी कमी जण तुरुंगात गेले, आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी कमी होतं. तरुण पोरांचे वाचलेले हे जीव रोजगाराच्या आकडेवारीत कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, आणि योजनेचा निधी कापताना बहुतेक वेळा तीच आकडेवारी पुढे केली जाते.