मॅप हाताशी असताना डायनाबीन कशाला?

१९९७ साली जावा भाषेच्या जेडीके १.१ मध्ये जावाबीन्स हा क्लास लिहिण्याचा साचा आला तेव्हा प्रॉपर्टी म्हणजे गेटर-सेटरची, म्हणजे किंमत (व्हॅल्यू) वाचणाऱ्या आणि भरणाऱ्या मेथडची जोडी, आणि ती क्लास कंपाइल होतानाच पक्की. २००० साली क्रेग मॅक्लॅनहन यांनी सुरू केलेल्या स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कमध्ये याचा जाच जाणवू लागला. वीस रकान्यांच्या फॉर्मसाठी चाळीस मेथड, आणि त्यांत विचार करण्यासारखं काहीच नाही. स्ट्रट्समधला रिफ्लेक्शनचा (प्रोग्राम चालताना नावावरून प्रॉपर्टी शोधण्याचा) कोड पुढे जकार्ता कॉमन्स या प्रकल्पात बीनयुटिल्स ही लायब्ररी म्हणून वेगळा निघाला. डायनाबीन, म्हणजे प्रॉपर्टी प्रोग्राम चालताना ठरवू देणारं बीन, जन्माला आलं ते तिथेच.

रनटाइमला ठरणारी नावं हॅशमॅपमध्येही, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या साठ्यातही मावतात. पण 'पिनकोड'ऐवजी 'पीनकोड' लिहिलंत, तर मॅप निमूट नल (काहीच नाही) देतो आणि चूक थेट रिकाम्या रकान्यातच दिसते. म्हणून किमती डायनाबीनमध्ये आणि नावं व टाइप यांची यादी वेगळ्या डायनाक्लासमध्ये, अशी वाटणी झाली. सगळ्या रचनेचं मर्म हेच. डायनाबीनचं साधं रूप असलेलं बेसिकडायनाबीन चुकीच्या नावाला इल्लीगलआर्ग्युमेंट एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक) देतं, चुकीच्या टाइपला कन्व्हर्जन एक्सेप्शन. इंट या आकड्याच्या टाइपमध्ये नल कोंबायला गेलात तर नलपॉइंटर एक्सेप्शन; पण न भरलेला इंट वाचला की शून्य मिळतं.

इथे हमखास ठेच लागते. इंटिजर प्रॉपर्टीला "४२" ही स्ट्रिंग लायब्ररीतल्या प्रॉपर्टीयुटिल्स या क्लासमार्फत दिली तर ती फेटाळली जाते. रूपांतर तिथल्याच बीनयुटिल्स नावाच्या क्लासचं सेटप्रॉपर्टी करतं.

डेटाबेससाठी दोन क्लास आहेत. रिझल्टसेटडायनाक्लास कर्सरला (एकेक ओळ पुढे सरकणाऱ्या खुणेला) चिकटून चालतो, त्यामुळे कनेक्शन उघडंच ठेवावं लागतं. रोसेटडायनाक्लास सगळ्या ओळी मेमरीत उतरवून घेतो. कनेक्शन लगेच पूलमध्ये (कनेक्शनच्या सामायिक साठ्यात) परत जातं, पण दहा हजार ओळी आल्या तर त्या सगळ्या मेमरीत बसतात. शिवाय स्तंभांची नावं दोन्ही क्लास मुळातच स्मॉल अक्षरांत बदलतात. ओरॅकलकडून कॅपिटलमध्ये आलेलं नाव तसंच मागाल तर एक्सेप्शन ठरलेलं.

जेएसपी या वेब पानांतल्या ईएल या छोट्या भाषेला डायनाबीन कळत नसे, म्हणून स्ट्रट्सच्या डायनाॲक्शनफॉर्म या डायनाबीनवर बेतलेल्या फॉर्मला आतला मॅप हाती देणारी गेटमॅप ही मेथड जोडावी लागली. म्हणजे ज्याला टाळायला निघालो, तोच मॅप मागच्या दाराने आत आला.

बीनयुटिल्स १.७ मधल्या लेझीडायनाबीनने तर मूळ शिस्तच सैल केली: नसलेल्या नावात किंमत भरली की प्रॉपर्टी आपोआप तयार. सगळी नावं जोडून झाल्यावर सेटरिस्ट्रिक्टेड ट्रू करा, मग अनोळखी नावात भरताना तरी ते अडवतं. वाचताना मात्र तेव्हाही निमूट नलच देतं.