सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे फास्टच? नाही हो

म्हापशात माझ्या भाच्याला कुणीतरी सांगितलं, लॅपटॉप कशाला घेतोस, सेकंडहँड झिऑनवाला पीसी घे, सर्व्हरचा प्रोसेसर आहे, कुठल्याही लॅपटॉपला मागे टाकेल. हे मी कित्येक वर्षं ऐकतोय आणि ते खरं नाहीये.

त्याला दाखवलेला झिऑन ई५-२६७० हा २०१२ चा, ८ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), टर्बोला म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर ३.३ गिगाहर्ट्झ, ११५ वॉट. २०२२ चा लॅपटॉपवाला कोअर आय५-१२४०पी बघा, १२ कोअर, टर्बोला ४.४ गिगाहर्ट्झ आणि बेस पॉवर फक्त २८ वॉट! सर्व्हरची चिप बनते एकाच वेळी शेकडो लोकांच्या रिक्वेस्ट रात्रंदिवस सांभाळायला, भरपूर रॅम घ्यायला, त्या रॅममधल्या चुका दुरुस्त करायला. भाचा करणार दुकानाची बिलं, एक्सेल आणि ब्राउझर, तिथे एकेक कोअर किती चपळ आहे हेच जास्त जाणवतं. शिवाय त्या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे स्क्रीनवर काही दिसायलाच वेगळं कार्ड हवं, आणि आपल्याकडे पावसात लाईट गेली की पीसी बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालूच.

हां, घरी चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच पीसीच्या आत चालणारे वेगवेगळे आभासी कॉम्प्युटर, एकदम चालवायची असतील, १२८ जीबी रॅम लागत असेल तर झिऑन जरूर बघा. भाच्याला मी लॅपटॉपच घ्यायला लावला.